असई नावाचं जहाज होतं म्हणे, ते फुटलं कुठं?

केळणाकाठ :
राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपटासारखा वाटंल पण पूर्ण वाचा मग हसा. आमचं गाव असईपासून पायी जाता येईल एवढ्यावर, जालना जिल्हा, भोकरदन-जाफ्राबादकडचा पट्टा. तेच असई, जिथं २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आन इंग्रजांच्या वेलस्लीची लढाई झाली. वाटाडे म्हणले नदीला उतार नाही, पण ह्या वेलस्ली गड्यानं पिंपळगाव आन वरूड समोरासमोर बघितले आन ताडलं की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून असतील तर मधी उतार असणारच, लोक काय सोयरिकी पोहत जाऊन करत असतील का. ही गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी माहिती. आज्याला नांगरताना सापडलेला लोखंडी गोळा अजून घरात आहे, वारं सुटलं की माजघराचं दार आपटू नये म्हणून त्याला लावून ठेवतो, दिसायला मोठ्या पेरूएवढा पण उचलायला गेलं की मनगट भरून येतं.

तर झालं असं, पुतण्या सातवीला आहे, शाळेत गावाच्या इतिहासावर तक्ता करून आणायला सांगितलाय. त्यानं मोबाईलवर इंग्रजीत गावाचं नाव टाकलं तर लढाईच्या खाली एक जहाजच निघालं. असई नावाचं, मुंबईत बांधलेलं, १८६५ ला फुटलं. मी म्हणलं आरं आपली केळणा शिमग्याला कोरडी पडती, आपल्याला होडी बघायची तर पैठणला जावं लागतं, आपल्या गावाच्या नावाचं जहाज कोण कशाला काढील. पण नाव खरंच तेच निघालं की. आता पोरगं रोज डोकं खायलंय. हे जहाज लढाईचं होतं का व्यापारी, बांधलं कोणी, फुटलं कुठं, आन नाव आमच्याच गावाचं कामून? कोणाला नीट माहिती असंल तर सांगा, इंग्रजी वाचून वाचून माझं डोकं गरगरायलंय.

गोदी_ते_गोदा :
भाऊ, येडपट काही नाही, बरं झालं विचारलं. मी मूळचा नांदेडचा, बावीस वर्षं मुंबईत जहाजदुरुस्तीत काढली आणि आता परत येऊन गोदाकाठी बसलोय, त्यामुळं हा माझा आवडता विषय आणि घरात ऐकणारं कोणी नाही, तुम्ही सापडलात.

असई एकटी नव्हती, जोडीला बहीण होती, पंजाब. दोघी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या, दोघी १८५४ लाच पाण्यात उतरल्या. बांधणारे कर्सेटजी रुस्तमजी, वाडिया घराण्यातले. ह्या घराण्याचा मूळ पुरुष लवजी १७३६ ला सुरतेहून मुंबईत आला आणि तिथून पुढं शंभरावर वर्षं बाप-लेक-नातू असं करत ह्याच एका घरानं त्या गोदीत जहाजं बांधली. असई आणि पंजाब ह्या चाकाच्या आगबोटी, दोन्ही कुशींना मोठाली चाकं, पोटात इंजिन, वर शिडंही. साधारण सतराशे-अठराशे टनांच्या, अडीचशे फुटांच्या आसपास लांब, म्हणजे एसटीच्या सात गाड्या एकामागं एक लावा. तोफा होत्या, कारण ह्या कंपनी सरकारच्या आरमारासाठी, ज्याला इंडियन नेव्ही म्हणायचे. त्यामुळं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, जन्माला आली लढाईसाठी आणि मेली व्यापारात.

लाकूड सगळं साग. विलायतेत ओक वापरायचे, त्या ओकात एक आम्ल असतं ते लोखंडी खिळ्याला हळूहळू खातं, सागाचं उलटं, त्याला तेल असतं ते खिळा सांभाळतं. मी एका जुन्या सागवानी गलबतातून उपसलेला खिळा हातात घेतलाय, बाहेरचं डोकं गंजून पापुद्रे सुटलेलं आणि लाकडातला भाग काळाभोर टणक, बोट फिरवलं तर तेलकट लागला. कारागीर म्हणाला वास घेऊन बघा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा आणि सागाचा वास येत होता राव.

१८५६ च्या डिसेंबरात इंग्रजांनी इराणच्या बुशायरवर तोफा डागल्या त्यात दोघी बहिणी होत्या, असईवर तर ताफ्याच्या मुख्याचं निशाण होतं. पुढच्या वर्षी आपल्याकडं उठाव झाला तेव्हा पंजाब सैनिक घेऊन कलकत्त्याला गेली. आणि १८६३ ला सरकारनं इंडियन नेव्हीच मोडीत काढली आणि बोटी विकायला काढल्या. आता जेवायला बोलावतायत, पुढचं नंतर लिहितो.

शंकासूर :
नावाचं मी सांगतो. आपण हरलो म्हणून दिलं. कंपनीला जिंकलेल्या जागांची नावं बोटींना द्यायची हौस होती, असई १८०३ ला जिंकलं, पंजाब १८४९ ला गिळला, म्हणून ह्या दोन बहिणी. ह्यात अभिमान वाटून घेण्यासारखं काय आहे ते मला कळालं नाही. उद्या कोणी आपलं घर लुटलं आणि आपल्या म्हशीला आपल्या आडनावानं हाक मारली तर आपण तक्ता करणार का?

आणि दुसरी शंका, ही आगबोट होती ना, मग बऱ्याच ठिकाणी शिडाचं जहाज म्हणून का लिहिलंय? एक काहीतरी चुकतंय.

केळणाकाठ :
शंकासूर भाऊ अभिमान नाही ओ, नवल वाटतंय. आन म्हशीचं उदाहरण पोराला सांगितलं तर तो म्हणतो म्हैस परत आणायची.

गोदी_ते_गोदा :
जेवण झालं. शंकासूरांची शंका बरोबर आहे आणि गोष्टीतली खरी गंमत तिथंच आहे.

लंडनला जॉन विलिस नावाचा जहाजमालक होता, कायम पांढरी उंच टोपी घालायचा म्हणून त्याला गोदीत पांढऱ्या टोपीचा विलिसच म्हणायचे. त्यानं दोघी बहिणी एकदम उचलल्या. आणि व्यवहार असा केला म्हणतात की असई लगेच दुसऱ्याला विकून तेवढ्यातच दोन्हींचे पैसे वसूल, म्हणजे पंजाब त्याला फुकटात पडली. आपल्याकडं बैलबाजारात असा एखादा व्यापारी असतोच, जोडी घ्यायची आणि एक बैल वेशीच्या बाहेर जायच्या आधी विकायचा.

मग इंजिन काढलं, बॉयलर काढला, चाकं काढली आणि निव्वळ शिडाचं जहाज केलं. आज ऐकायला उलटं वाटतं, ट्रॅक्टर विकून बैल घेतल्यासारखं, पण तेव्हाचा हिशोब बघा. सुएझचा कालवा १८६९ चा. त्याच्या आधी मुंबईहून विलायतेला जायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा, तीन-चार महिने, आणि त्या काळातलं इंजिन कोळसा असा खायचं की अर्धं पोट कोळशानंच भरायचं, मग माल ठेवणार कुठं. इंजिन गेलं की तेवढी सगळी जागा मोकळी आणि वारा तर फुकट. लढाऊ बोट असल्यानं अंगकाठी निमुळती, वेगासाठी बनवलेली, वरून सागाची. विलिसनं पंजाबचं नाव बदलून द ट्वीड ठेवलं, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नदीचं नाव, तो तिकडचाच. असईचं नाव मात्र असईच राहिलं. तुमच्या गावाचं नशीब.

आणि शिडाच्या झाल्यावर दोघींना पहिलं काम काय मिळालं माहितीये का? तारेचं. १८६४ ला इराणच्या आखाताच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली, मकरान किनाऱ्यावरच्या ग्वादरपासून इराकातल्या फावपर्यंत. ती केबल विलायतेत बनली आणि पाच शिडाच्या जहाजांच्या पोटात वेटोळी करून आली, त्या पाचांत असई पण होती आणि ट्वीड पण. बाकीची तीन कॉस्पॅट्रिक, कर्कहॅम आणि मेरियन मूर. केबल टाकताना वाऱ्यावर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून आगबोटी ह्यांना पुढून ओढत न्यायच्या आणि मागून तार समुद्रात सुटत जायची. म्हणजे स्वतःचं इंजिन काढून टाकलेल्या बोटीला दुसऱ्या इंजिनानं ओढलं, असो.

रुईवाला_जालना :
केबलचं वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्या गोष्टीला पुढं आमच्या धंद्याचा धागा आहे. आमची तिसरी पिढी कापसात.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला. मग सगळ्यांच्या नजरा मुंबईकडं. त्याच्या आधी तिकडं आपल्या कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, हिंदुस्थानी कापूस म्हणजे सगळा 'सुरत', मग तो खानदेशचा असो का वऱ्हाडचा, आखूड धाग्याचा, पाला-कचरा भरलेला, सूत तुटायचं म्हणून तिकडचे कामगार नाव काढलं तरी वैतागायचे. पण घरात ज्वारी नसली की मिलो पण गोड लागतो, बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. भाव असा चढला की मुंबईत रोज नवीन कंपनी आणि रोज नवीन शेअर, शेअरबाजारातला बडा दलाल प्रेमचंद रायचंद, त्याचं नाव ह्याच काळातलं.

आता ह्यात केबल कुठं येते? तोपर्यंत लिव्हरपूलचा भाव मुंबईला टपालानं कळायचा, कळेपर्यंत महिना उलटलेला. १८६५ च्या सुरुवातीला लंडनपासून कराचीपर्यंत तार जोडली गेली, निरोपाला काही दिवस लागायचे पण महिना नाही. आणि त्याच वर्षी ९ एप्रिलला दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली, यादवी संपल्यात जमा, कापूस धाडकन खाली. जुलैत मुंबईचा बाजार बसला, कालचे लखपती दिवाळखोर. म्हणजे असईनं समुद्रात जी तार टाकली तिनंच वर्षभरात कापसाच्या पडत्या भावाची बातमी पळवत आणली. आणि ती स्वतः त्याच साली मुंबईहून निघून फुटली. मला विचाराल तर त्या दिवसांत मुंबईहून निघालेल्या बोटीच्या पोटात कापसाच्या गाठी नसतील हे मला पटणार नाही.

एक बारीक गोष्ट पोराच्या तक्त्यासाठी. रुईचा भाव आजही आम्ही खंडीवर बोलतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. कारण ही जुनी मुंबईची ७८४ पौंडांची खंडी. मोबाईलवर रोज सकाळी जो भाव येतो तो त्या बोटींच्या काळच्या मापात येतो.

आता विषय निघालाच आहे तर, मागच्या हंगामात एका जिनिंगवाल्यानं माझ्या मेव्हण्याचा कापूस ओला आहे म्हणून क्विंटलमागं दोनशे कापले. हात घालून बघितलं, कोरडा ठणठणीत. पण काय करणार, गाडी रिकामी केलेली.

शंकासूर :
त्या बोटीवर खंडीमागं किती कापले असतील देव जाणे.

केळणाकाठ :
रुईवाले भाऊ, हे भारी सांगितलं, पोरगं लिहून घ्यायलंय. पण फुटली कुठं ते कोणीच सांगेना, त्याच्या तक्त्यावर तेवढी एकच जागा मोकळी आहे.

खडू_फळा :
मी सांगते. परभणीला भूगोल शिकवते, म्हणून नकाशावरून सांगते, तुमच्या पुतण्याला ॲटलास उघडून बसवा.

मुंबईपासून बोट खाली, मादागास्करच्या बाजूनं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, मग अटलांटिकमध्ये सेंट हेलेनाच्या अंगानं वर वर, आणि शेवटी लिव्हरपूलला जायचं तर आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळून आयरिश समुद्रात शिरायचं. असई ह्याच वाटेवर होती, मुंबईहून लिव्हरपूलला. १८६५ ला कॉर्क परगण्यातल्या गॅली हेड नावाच्या खडकाळ नाकाजवळ ती फुटली. म्हणजे सगळं जग पालथं घालून लिव्हरपूल अगदी टप्प्यात आलं होतं. भाऊ, आपल्याकडं म्हणतात ना, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

पोरं वर्गात विचारतात की मॅडम किनारा दिसत नव्हता का. त्यांना मी असं सांगते. शिडाच्या जहाजाला आपण कुठं आहोत हे सूर्य-तारे आणि घड्याळ ह्यावरून काढावं लागायचं. महिनोन्महिने समुद्रात राहून घड्याळ थोडं जरी मागंपुढं झालं तरी बोट नकाशावर एके ठिकाणी आणि प्रत्यक्षात दहा-वीस मैल भलतीकडं. त्यात आयर्लंडजवळ आभाळ दिवसेंदिवस भरलेलं, सूर्यच दिसत नाही. मग उरतं काय, दोरीला शिशाचं वजन बांधून सोडायचं. त्या शिशाला खालून खळगा असतो आणि त्यात चरबी भरतात, तळाची वाळू-शिंपले तिला चिकटून वर येतात, त्यावरून खोली आणि जागा ताडायची. आपला शेतकरी ढेकूळ फोडून ओल बघतो तसंच. आणि वारा किनाऱ्याकडं लोटत असेल तर शिडाच्या जहाजाला मागं फिरणं फार अवघड, इंजिन असतं तर उलटं फिरवून बाहेर पडता आलं असतं.

त्या नाकावर तेव्हा दीपगृहही नव्हतं. गॅली हेडचं दीपगृह पेटलं १८७८ ला.

गोदी_ते_गोदा :
ताई शिशाच्या चरबीचं तुम्ही अचूक सांगितलंत, हल्ली समुद्रावरच्या पोरांना पण हे माहिती नसतं. फक्त एक, इंजिन असतं तर वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, त्या काळच्या चाकाच्या बोटी खवळलेल्या समुद्रात चाकं मोडून घ्यायच्या.

खडू_फळा :
मान्य. वाक्य मागे घेते, वर्गात पण दुरुस्त करते.

शंकासूर :
धाकटीचं काय झालं मग? ट्वीडचं?

गोदी_ते_गोदा :
धाकटी-थोरली कोणी नाही हो, दोघी एकाच सालच्या. पण ट्वीडचं नशीब एकदम वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला असईपेक्षा तिचंच जास्त वेड.

विलिसनं तिच्यावर कप्तान नेमला विल्यम स्ट्युअर्ट, स्कॉटलंडच्या पीटरहेडचा. हा माणूस शिडं उतरवायचं नावच घ्यायचा नाही, वारा वाढला की बाकीचे शिडं गुंडाळतात आणि हा तशीच ठेवून पळवायचा. हाँगकाँगहून सिंगापूरला निघालेल्या टपालाच्या आगबोटीला ट्वीडनं दीड दिवसानं मागं टाकलं अशी तिची ख्याती होती, आणि लढाऊ जहाजांवरचे अधिकारी तिच्या शिडांची मापं घ्यायला यायचे असंही सांगतात. हे सांगणारा कोण, तर जोसेफ कॉनरॅड, जो पुढं इंग्रजीतला मोठा लेखक झाला. स्ट्युअर्ट नंतर लॉक एटिव्ह नावाच्या दुसऱ्या जहाजावर गेला तेव्हा कॉनरॅड त्याच्या हाताखाली तिसरा मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, होता. आणि गंमत म्हणजे त्या नवीन जहाजावर स्ट्युअर्टला ट्वीडसारखा वेग कधी मिळालाच नाही. तेव्हा प्रश्न पडतो की पळवणारा मोठा का पळणारी. मी गोदीतला माणूस, मी म्हणणार पळणारी, आणि कर्सेटजी रुस्तमजी.

विलिसला पण तेच वाटत असावं, कारण १८६९ ला त्यानं नवीन क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाची बोट, बांधायला काढली तेव्हा ती आखणाऱ्या हर्क्युलिस लिंटनला ट्वीडची बांधणी दाखवून तसं अंग पाहिजे म्हणून सांगितलं. ती नवीन बोट म्हणजे कटी सार्क, आज लंडनला ग्रीनिचमध्ये काचेच्या घेरात ठेवलीय, तिकीट काढून बघायला लोक रांगा लावतात. तिचा पहिला कप्तान जॉर्ज मूडी, तोही ट्वीडवर मेट म्हणून तयार झालेला. मुंबईच्या गोदीचा थोडासा पीळ ग्रीनिचमध्ये उभा आहे, पण तिथं वाडियांचं नाव किती जणांच्या लक्षात येत असेल.

आणि शेवट. १८८८ ला ट्वीड चीनहून न्यूयॉर्कला निघाली होती, आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात डोलकाठ्या मोडल्या. तिला ओढत अल्गोआ उपसागरात, पोर्ट एलिझाबेथला आणलं. चौतीस वर्षांची बोट, नवीन डोलकाठ्यांचा खर्च कोण करणार, तिथंच मोडली. पण साग साग असतो. तिचं लाकूड तिथल्या एका चर्चच्या छताला लावलं असं लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडं जुना वाडा पडला की तुळया-खांब काढून दुसऱ्या घराला लावतात, तसंच झालं.

रुईवाला_जालना :
आमच्या दुकानाचा आडवा खांब असाच एका पडलेल्या वाड्याचा आहे. उद्या त्यातला खिळा उपसून वास घेतो.

शंकासूर :
मला अजून नावाचं खटकतंयच. पण चर्चच्या छताचं आवडलं.

केळणाकाठ :
मंडळी, सगळ्यांचे आभार. रात्री घरी सगळ्यांना वाचून दाखवलं, वडील पहिल्यांदाच मोबाईलवरचं काहीतरी शेवटपर्यंत ऐकत बसले. त्यांचा एकच प्रश्न, त्या गॅली हेडला आपलं कोणी खलाशी असंल का त्या बोटीवर. मी म्हणलं असंल बी, कोकणातलं असंल, आपल्याकडचं कुठून असणार. तर म्हणले बैलगाडीतून कापूस नेणारा तर आपल्याकडचा असंल. त्याला काय उत्तर देणार.

तक्त्याची बातमी सांगतो. पोरानं तुमच्या उत्तरांच्या आधीच जहाज काढून ठेवलं होतं, दोन्हीकडनं ही मोठाली चाकं, मधी धुराडं. आता गोदीवाल्या काकांचं वाचून म्हणतो इंजिन काढलं होतं तर चाकं चुकली, पुसावी लागतील. खोडरबरनं घासघास घासलं, आन कागदच फाटला. रडकुंडीला आलं होतं पोरगं. मग आजीनं वाती वळायच्या डब्यातला कापूस दिला, त्याचा बोळा करून तिथं चिकटवलाय आन खाली लिहिलंय, लाट.